दुरुस्त करू नये

आमच्या गल्लीत माझी ओळख 'मेलेल्यांची कामं करणाऱ्या बाई' अशी आहे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला एवढं विचारलं तरी तो माणसाला बराबर माझ्या दारात आणून सोडतो. ओळख खोटी नाही, त्यामुळे तक्रारही नाही. जालना जिल्ह्यातल्या तहसिलींच्या जुन्या कागदांच्या खोल्यांत, ज्याला सरकारी भाषेत अभिलेख कक्ष म्हणतात, माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटलो धुळीतून, आता निवांत पापड लाटू. पापड काही जमले नाहीत. चार महिन्यांत एका परदेशी कंपनीचं काम घरी आलं आणि मी पुन्हा मेलेल्यांत जाऊन बसले. फरक इतकाच, की आता रजिस्टरऐवजी कॉम्प्युटरची काच पुसावी लागते.

हा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लोक इंटरनेटवर आपल्या घराण्याचा वंशवृक्ष मांडतात. प्रत्येक माणसाला एक चौकोन. आईबाप वर, मुलं खाली, मध्ये रेघ. मूल पोटचं असेल तर रेघ सलग, दत्तक असेल तर तुटक. माणूस हयात असेल तर त्याचा चौकोन फिकट असतो आणि परक्याला त्यातलं नाव दिसत नाही. माणूस गेला की चौकोनाला काळी कड येते आणि नाव साऱ्या जगाला उघडं होतं. जिवंतपणी झाकायचं आणि मेल्यावर उघडं करायचं, हा नियम मला पहिल्या दिवसापासून थोडा विचित्र वाटत आला आहे. पण नियम त्यांचा, आपण कोण बोलणारे.

कंपनीकडे जुन्या नोंदींचे फोटो ढिगाने आहेत, वाचणारी माणसं कमी. आमच्या भागातल्या निजामाच्या काळातल्या बऱ्याचशा नोंदी उर्दूत. मला उर्दू वाचता येतं ते हमीद साहेबांमुळे. ते माझे पहिले वरिष्ठ. डबा खाऊन झाला की रोज अर्धा तास ते मला जुन्या रजिस्टराचं एक पान वाचायला लावायचे. फसली सन, म्हणजे निजामाच्या दफ्तरातलं साल, कसं मोजायचं, कोणत्या कारकुनाचं अक्षर कसं लागतं, सगळं त्यांनी शिकवलं. त्यांचं एक वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. "बेटा, काही नोंदी चुकलेल्या नस्तात, चुकवलेल्या अस्तात. फरक वळकायला शीक." मी मान डोलावली होती. माझा तेव्हा एकच मंत्र होता, कागद दाखवा आणि काय हवं ते लिहून घ्या. सगळ्या नोकरीत माझ्या हातून एक चुकीची नोंद गेली नाही, याचा मला ताठा होता. अजून थोडा आहे.

गिऱ्हाईकं एकेक भेटतात. बदनापूरचे एक गृहस्थ जांब समर्थला पायी जाऊन आले आणि तिथून थेट माझ्याकडे. आपण समर्थांचे थेट वंशज आहोत, तेवढं फक्त कागदावर सिद्ध करून द्या, म्हणाले. खर्चाची फिकीर नको. मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, की जो माणूस लग्नाच्या मांडवातून पळून गेला आणि पुढे जन्मभर ब्रह्मचारी राहिला, त्याचा वंश तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने आला? गृहस्थांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, तुम्हीच काही तरी वाट काढा की मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या.

दुसरा घोळ आमच्या नावांच्या रिवाजाचा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, म्हणजे खंडू मारुतीचा मारुती खंडू आणि त्याचा पुन्हा खंडू मारुती. कंपनीचं मशीन तिन्ही पिढ्या एकत्र करतं आणि मला कळवतं, की तुमच्याकडचे एक गृहस्थ दीडशे वर्षं जगले, कृपया खात्री करा. मी खात्री करून त्यांना वेगळं करते. आधी अशा गोष्टींचं हसू यायचं. केरबा आजोबांच्या कामानंतर मशीनचा प्रश्न आला की मी दोनदा वाचते.

ते काम पुण्याहून आलं. ऋतुजा नावाची मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये आहे, बोलायला गोड. तिच्या आजोबांचं नाव केरबा, ते कुंभार पिंपळगाव या गावाजवळच्या एका खेड्यात राहतात, त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं. मांडवात लावायला तिला मोठा छापील वंशवृक्ष हवा होता. आजोबा शेतकऱ्याच्या घरात दत्तक आलेले, हे घरात सगळ्यांना माहीत. जन्म गावातल्याच भागुजी कुंभाराकडचा. तिने दत्तकपत्राचा फोटो पाठवला आणि म्हणाली, "काकू, मला दोन्ही घरं हवीत. जन्म दिला तेही आणि वाढवलं तेही." मला ती मुलगी आवडली.

गावाचं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर कंपनीच्या फोटोंत निघालं. मी आधी वाढवलेलं घर पाहिलं. नारायण आणि रखमा. नऊ वर्षांत त्यांच्या नावावर सहा जन्म होते, आणि प्रत्येक जन्माखाली दोन-तीन ओळी सोडून मृत्यू. एकही मूल बारा दिवसांपलीकडे गेलं नव्हतं. बारसंच झालं नाही, म्हणून नावं नाहीत. लडका, बेनाम. लडकी, बेनाम. लडका, बेनाम. अशी पानं मी पुष्कळ वाचली आहेत, तरी त्या दिवशी मी उठून पाणी प्यायले.

मग कुंभाराचं घर. तिथे नोंद सरळ होती, 'केरू वल्द भागुजी', म्हणजे भागुजीचा मुलगा केरू. पण माझी सवय वाईट, मी वरची-खालची पानं बघितल्याशिवाय राहत नाही. चार पानं आधी त्याच भागुजीच्या बायकोला मुलगी झाल्याची नोंद होती. मधलं अंतर चार महिन्यांचं. चार महिन्यांत त्याच बाईला दुसरं मूल होत नाही, हे कळायला मोठी विद्या लागत नाही. मी पान मोठं करून पाहिलं. केरूच्या नोंदीच्या बाजूला, समासात, त्याच कारकुनाच्या हाताने बारीक उर्दूत लिहिलं होतं, 'बच्चा सूप में दिया गया. दुरुस्त न किया जाए.'

जुन्या माणसांना हा रिवाज ठाऊक असेल. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरी पुढचं मूल झालं की त्याला सुपात घालून दुसऱ्या घरच्या बाईला विकायचं. किंमत म्हणून तिने पसाभर किंवा सूपभर धान्य द्यायचं. मूल तिचं झालं. नाव केरू, दगडू, उकिरडा असं ठेवायचं, की कोणाला घ्यावंसं वाटू नये. मग खरे आईबाप ते परक्याचं म्हणून सांभाळायला घरी आणायचे. सटवाई पाचव्या-सहाव्या दिवशी येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात, म्हणजे तीही आमच्याच खात्यातली. तिला खोटा पत्ता द्यायचा, एवढाच हा सगळा व्यवहार. पण नारायणने तो फारच मनावर घेतला होता. मुलगा मोठा झाल्यावरसुद्धा त्याने आपल्याच पोटच्या पोराचं रीतसर दत्तकपत्र केलं, कारण कागद कुठेही फुटायला नको होता.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आजोबा दत्तक नव्हतेच, रखमाचं सातवं मूल होते. ऋतुजाला विचारावं, आजोबांना विचारावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. समासातल्या सूचनेला मी हसले. कारकुनाने कारकुनासाठी ठेवलेली सूचना होती ती, आणि मी ती वाचून बाजूला ठेवली. भर दुपारी, अडीचच्या सुमाराला, मी रखमा आणि केरबा यांच्यामधली तुटक रेघ सलग केली.

चौकोनाला काळी कड आली.

मला वाटलं, माझंच बोट चुकलं. मी 'हयात' असं परत केलं. कड गेली, आणि माझ्या डोळ्यांसमोर हळूच परत आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मृत्यूची तारीख नाही, कारण नाही, नुसतं 'मृत'. रखमाखालच्या ओळीत सहा काळे चौकोन होते, हा सातवा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. पंखा चालू होता, बाहेर भंगारवाला ओरडत होता, सगळं नेहमीचं होतं. शेवटी मी रेघ पुन्हा तुटक केली. तत्क्षणी चौकोन फिकट झाला. यात दहाबारा मिनिटं गेली असतील.

संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. कार्यक्रम होतो की नाही कोण जाणे, म्हणाली. दुपारी आजोबा अंगणात बसल्या जागी कोसळले. श्वास लागेना, नाडी लागेना, घरात रडारड झाली. दहा मिनिटांनी आपसूक उठून बसले आणि भाकरी मागितली. मी वेळ विचारली. ती म्हणाली, अडीच वाजले असतील, का हो काकू? मी म्हटलं, सहज. मला त्या दिवशी खरी भीती वाटली. मी कंपनीला कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, की असा कोणताही नियम आमच्या मशीनमध्ये नाही. रेघेतले बदल तुमच्या खात्यातून झाल्याचं दिसतं, 'मृत' ही नोंद कोणत्याही खात्यातून झालेली दिसत नाही.

त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी एसटीने कुंभार पिंपळगाव गाठलं आणि तिथून पुढे रिक्षाने गेले. कार्यक्रमासाठी आजोबांचा फोटो हवा आहे, असं घरी सांगितलं होतं. आजोबा कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. अंगाने वाळलेले, पण डोळे लख्ख. त्यांची सून चहा ठेवायला आत गेली तसे ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, परवा दुपारी तुमी काही लिवलं का?"

मी फोटोसाठी काढलेला फोन परत पिशवीत ठेवला.

"लिवलंच आसंल. मला हाक आल्ती."

"कोणी मारली हाक?"

"नाव न्हाई घेतलं. जल्माच्या घरी मला नाव कुठं ठिवलं व्हतं? बाळा म्हणलं नुस्तं." त्यांनी पडवीकडे बोट केलं. "तिथून आली. मी उठून गेल्तो, मंग माघारी पाठवलं कोणी तरी."

मी सगळं सांगितलं. रजिस्टर, सहा नोंदी, समासातली ओळ, माझा आगाऊपणा. हात जोडले आणि म्हटलं, आजोबा, चूक झाली, आता ती रेघ तशीच राहील. मला वाटलं ते सुस्कारा सोडतील. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी शक्य तेवढं त्यांच्याच शब्दांत देते.

त्यांना लहानपणापासून माहीत होतं. घरात रखमाला 'मावशी' म्हणायचं आणि भागुजी कुंभाराच्या बायकोला, गिरजेला, 'माय', हा दंडक. चुकून कधी रखमाला माय म्हटलं तर ती पोराच्या तोंडात मारायची आणि मागे जाऊन रडायची. जेवायला बसवायची ती इतरांच्या नंतर, बाहेरच्या पोरासारखं. जत्रेत नवं कापड घ्यायची नाही. कोणी तरी बघतंय, असं ती आयुष्यभर वागली. "मरताना मी तिच्या उशाशी व्हतो," आजोबा म्हणाले. "आता तर म्हणू दे, म्हणून मी तोंड उघडलं. हातात ताकद नव्हती तिच्या. तरी तिनं माह्या तोंडावर हात ठिवला. तसाच हात ठिवून गेली ती."

चहा आला, गार झाला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "रेघ जोडा, बाई."

मी नाही म्हटलं. काय होईल ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, मी असलं काम करणार नाही.

"मंग खोटा कागद ठिवता का? येवढी वर्सं नोकरी केली म्हणता." त्यांना माझी चेष्टा सुचत होती. मग ती चेष्टा गेली. "एक्क्याऐंशी वर्सं झाले, बाई. एका सुपाभर ज्वारीवर माणसानं अजून किती जगावं? मला तिच्याखाली लिवा. पण पोरीचा कार्यक्रम होऊ द्या, तिचा हिरमोड नको. मी सांगन तवा लिवा. आन् पोरीला काही बोलू नका."

परतीच्या वाटेवर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हमीद साहेब असते तर त्यांना विचारलं असतं. एकीकडे माझा जन्मभराचा मंत्र, की खरं ते लिहायचं. दुसरीकडे एक जिवंत माणूस. आणि तिसरीकडे तोच माणूस हात जोडून खरं लिहा म्हणत होता. ऋतुजाला सांगायला हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा मी न बोलण्याचा शब्द दिला होता.

कार्यक्रम छान झाला. मी गेले होते. मांडवात वंशवृक्ष लावला होता, तुटक रेघेचा. कुंभाराच्या घरची माणसंही आली होती, आजोबांनी त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाईच्या पाया पडून घेतलं. जेवणं झाल्यावर ते काठी टेकत त्या छापील कागदापाशी गेले आणि रखमाच्या चौकोनावर बोट ठेवून उभे राहिले. लोकांना वाटलं, म्हातारं वाचून राह्यलं. त्यांना अक्षर येत नव्हतं, एवढं मला माहीत होतं. कोणता चौकोन कोणाचा, हे त्यांना कोणी दाखवलं ते मी विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. मामंजी म्हणून राह्यले, बाईंना सांगा, आज लिवा. काय लिहायचं ते तिला माहीत नव्हतं. मी अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, जे मी कामाआधी कधी करत नाही, आणि रेघ सलग केली. बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. चौकोन फिकटच राहिला. मला हसू आलं आणि रडूही. मशीनच बिघडलं होतं तर, माणूस योगायोगाला काय काय समजतो, असं स्वतःला म्हणत मी फोन लावला. सून म्हणाली, मामंजी अंगणात आहेत, तब्येत एकदम बराबर, आत्ताच चहा पिऊन झाला. तिने फोन त्यांच्या कानाला लावून दिला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं. तुम्ही आता रखमाबाईंच्या खाली आहात. सातवे."

"वाचून दाखवा."

मी वाचू लागले. आई, रखमा. तिच्याखाली पहिला, मुलगा. दुसरी, मुलगी. तिसरा, मुलगा. नावं नव्हतीच, काय वाचणार? तरी एकेकाला मी थोडा वेळ दिला. ते मध्येच काही तरी म्हणाले, मी थांबले. "वाचा, वाचा," ते म्हणाले, "आता थांबू नका." मी सातव्यापर्यंत वाचलं. तुमचं नाव, केरबा. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर आजोबा हिंडत-फिरत होते. धोका टळला असं वाटून ऋतुजाला मी फक्त रेघेचं सांगितलं, रजिस्टरचं पान पाठवलं, ती फोनवर रडली आणि आता पुढच्या महिन्यात जाऊन आजोबांकडून सगळं ऐकून लिहून घेते म्हणाली. पुढच्या महिन्यापर्यंत वेळ मिळाला नाही. गुरुवारपासून बाराव्या दिवशी, दुपारी, जेवून बाजेवर पडले ते उठले नाहीत. ज्या दिवशी त्या घरात एकाही लेकराचं बारसं झालं नाही, तो बारावा दिवस. मी मुद्दाम मोजले नाहीत. मोजून होतात.

मी केलं ते बरोबर की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. कंपनीचं काम मी अजून करते. समासात काही लिहिलेलं दिसलं तर आधी तेच वाचते आणि घरच्या माणसांना विचारल्याशिवाय रेघ ओढत नाही. एवढीच सुधारणा माझ्यात झाली आहे.

आजोबांच्या चौकोनाला आता रीतसर काळी कड आहे. त्याखाली टिपणीची जागा असते, तिथे ऋतुजाने लिहिलं आहे. तिच्या काकूने, म्हणजे आजोबांच्या सुनेने, तिला सांगितलेलं. सुनेला माझा आवाज ऐकू येत नव्हता, फक्त मामंजींचा येत होता, म्हणून तिने अंदाजाने जुळवलं. टिपणी अशी आहे, 'सातवं नाव, स्वतःचं नाव ऐकताच आजोबा म्हणाले, आलो, माय. आयुष्यात पहिल्यांदा.'

तो वृक्ष माझ्या खात्यातून उघडतो. ती ओळ मला बदलता येते. मी ती दुरुस्त केलेली नाही, करणारही नाही.

ते 'आलो' म्हणाले तेव्हा मी चौथ्या चौकोनावर होते, त्यांचं नाव मी अजून घेतलंच नव्हतं.